फिनलंडचे पिसे

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात चकलीचा खमंग वास दरवळत असेल, दारात आकाशकंदील डोलत असेल, आणि माजघराच्या एका कोपऱ्यात आपले चिरंजीव अगर कन्यका ‘दिवाळीचा अभ्यास’ नावाची वही पुढ्यात घेऊन रडकुंडीला आलेली असतील. अशा वेळी घरातले कुणीतरी वडीलधारे माणूस हटकून म्हणते, “त्या फिनलंडात बघा! गृहपाठ नाही, परीक्षा नाही, दिवसभर नुसता खेळ. आणि तरी जगात पहिला नंबर!” मग सगळे एक सुस्कारा टाकतात, चकलीचा तुकडा मोडतात, आणि पोराला म्हणतात, “हं, पुढचं गणित कर.”

माझा हा लेख त्या सुस्काऱ्याविरुद्ध आहे.

मी मास्तर आहे. दिवसा कामधंदा करणाऱ्या मुलांसाठी एका संस्थेने चालविलेल्या रात्रीच्या शाळेत मी मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. दहावीला आमच्याकडची जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात आणि मलाही तोच शब्द आवडतो. त्यात जरा भारदस्तपणा आहे, आणि माझ्यापाशी दुसरा भारदस्तपणा नाही. फिनलंड मी पाहिलेले नाही, पाहीन असे वाटत नाही. मग या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार काय? सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी शिक्षकांचे एक शिबिर होते. तिथे आठ दिवस फिनलंड पाहून आलेल्या एका गृहस्थांचे व्याख्यान झाले. पडद्यावर सुरेख चित्रे होती: बर्फ, देवदारासारखी झाडे, पायमोजे घालून वर्गात बसलेली गोंडस मुले. गृहस्थ बोललेही छान. शेवटी ‘कुणाला काही विचारायचे आहे काय’ असे त्यांनी शिष्टाचाराप्रमाणे विचारले, आणि मी शिष्टाचार मोडून उभा राहिलो. म्हटले, “साहेब, तिथल्या मुलांना शाळा आवडते का? हे त्यांना कुणी विचारले आहे काय?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आपले शिक्षण?” मी म्हटले, “मॅट्रिक.” “मग आपल्याला फिनलंडमध्ये वर्गाच्या दारातही उभे केले नसते!” सभागृह हसले. मीही हसलो. त्या हशात माझा प्रश्न मात्र वाहून गेला.

घरी आल्यावर तो पुन्हा वर आला. मांडीवर शब्दकोश घेऊन मी मिळतील ते अहवाल वाचू लागलो, आणि एक गोष्ट लख्ख कळली. हा प्रश्न तिथे विचारलेला आहे. एकदा नव्हे, शेकडो वेळा विचारलेला आहे. उत्तरेही छापलेली आहेत. ती आपल्या व्याख्यानांतून सांगितली जात नाहीत, एवढेच.

आधी हे वेड लागले कसे ते पाहू. पंधरा वर्षांच्या मुलांची वाचन, गणित आणि विज्ञान यांतली जाण तपासणारी एक आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. तिचे आद्याक्षरी नाव ‘पिसा’. २००० साली ती प्रथम घेतली गेली. २००१ च्या डिसेंबरात निकाल लागला आणि वाचनात फिनलंड पहिले आले. पुढे २००६ च्या फेरीत विज्ञानातही तो देश पहिला आला. मराठीत पिसे म्हणजे वेड. परीक्षेचे बारसे करणाऱ्याला मराठी येत नसणार, पण नाव मोठे चपखल पडले. जगभरच्या शिक्षणखात्यांना फिनलंडचे पिसे लागले, शिष्टमंडळांच्या दिंड्या हेलसिंकीच्या वाटेला लागल्या. गंमत अशी, की या निकालाचे सर्वांत मोठे नवल खुद्द फिनलंडच्या लोकांनाच वाटले.

आता त्या सुस्काऱ्यातली एकेक गोष्ट घेऊ.

‘परीक्षा नाही.’ पहिल्या नऊ इयत्तांत साऱ्या देशाची मिळून एक परीक्षा नाही, हे खरे. पण वर्गातल्या चाचण्या आहेत, चार ते दहा असे गुण आहेत, आणि नववीच्या प्रगतिपुस्तकावर पुढची शाळा ठरते. आणि त्यानंतर काय आहे? त्यानंतर, वाचकहो, मॅट्रिक आहे! १८५२ सालापासून आहे. आपल्या मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. म्हणजे या बाबतीत ते आपले सात वर्षांनी वडील बंधू. अठरा-एकोणीस वर्षांची मुले ही परीक्षा देतात आणि एकेक पेपर सहा-सहा तासांपर्यंत चालतो. फेब्रुवारीत शेवटच्या वर्गातली मुले सोंगे घेऊन ट्रकांवर चढतात, बघ्यांवर गोळ्या उधळीत गावभर मिरवतात आणि मग अभ्यासाच्या सुट्टीत गडप होतात. उत्तीर्ण झालेल्याला पांढरी टोपी मिळते. ती टोपी लोक जन्मभर जपतात. १ मे रोजी म्हातारेकोतारेही ती डोक्यावर चढवून रस्त्यावर येतात. मॅट्रिकचा एवढा मान वाचून माझा ऊर भरून आला, हे कबूल करतो! पण या टोपीची किंमतही आहे. २०२० पासून विद्यापीठांतल्या निम्म्याहून अधिक जागा याच परीक्षेच्या निकालावर भरू लागल्या, आणि सोळा वर्षांची पोरे कोणता विषय घेतला तर किती गुण पदरात पडतील याचा हिशेब मांडू लागली. हा हिशेब आपल्या घरातही ओळखीचा वाटतो ना?

‘गृहपाठ नाही.’ आहे. २०१२ च्या पिसात मुलांना विचारले, तेव्हा आठवड्याला सुमारे पावणेतीन तास असे उत्तर आले. इतर देशांची सरासरी पाच तासांच्या आसपास होती. म्हणजे कमी आहे, पुष्कळच कमी आहे. पण ‘कमी’ आणि ‘नाही’ यांतला फरक मराठीच्या मास्तराने सांगायला नको.

‘नवनवीन पद्धती, नुसता खेळ.’ इथे मात्र कथेला खरा रंग चढतो. १९९६ साली, ज्या वर्षी मी मॅट्रिक झालो त्याच वर्षी, इंग्लंडातल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फिनलंडमधील पन्नास शाळा पाहून एक अहवाल दिला. त्यांना काय दिसले? रांगेने बसलेली मुले, पुढे उभा राहून सांगणारा शिक्षक, आणि पाठ्यपुस्तकाच्या ओळीमागून ओळ, शिक्षक नेईल त्या चालीने! हे वर्णन वाचताना मला माझीच शाळा आठवली. फरक इतकाच की आमचे छप्पर गळत होते. आता हिशेब करा. २००० साली जी पंधरा वर्षांची मुले जगात पहिली आली, ती १९९६ साली अकरा वर्षांची होती. म्हणजे ज्या वर्गांतून ती सोन्याची पिढी निघाली ते वर्ग हेच! हान्नू सिमोला नावाच्या फिनिश अभ्यासकाने २००५ साली आपल्या देशबांधवांना हेच सुनावले, की या चमत्काराची मुळे नवलाईत शोधू नका; इथला शिक्षक जुन्या वळणाचा आहे आणि समाजाने त्याला मान दिला आहे, हे आधी पाहा.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. मुलांना शाळा आवडते का?

२०१२ च्या पिसात ‘मी शाळेत आनंदी असतो’ या वाक्याला फिनलंडच्या शंभरांतल्या सुमारे सदुसष्ट मुलांनी होकार दिला. संपन्न देशांची सरासरी ऐंशी होती. म्हणजे जिथे आनंदाने शिकतात म्हणून आपण गहिवरतो, तिथली मुले आनंदाच्या यादीत तळाच्या रांगेत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणाऱ्या पाहणीतही, शाळा फार आवडते असे म्हणणाऱ्यांत फिनिश मुले वर्षानुवर्षे मागेच दिसली. हेलसिंकी विद्यापीठातल्या कातारीना साल्मेला-आरो यांनी तर शाळेने येणाऱ्या शिणाचाच अभ्यास केला. या शिणाची त्यांनी तीन अंगे मानली: अंगातली शक्ती सरून जाणे, शाळेत काही अर्थच वाटेनासा होणे, आणि आपण कमी पडतो असे मनाने घेणे. तिसरे अंग हुशार मुलींना अधिक ग्रासते. उत्तम गुण मिळवणारी, कधी उलट न बोलणारी, शिक्षकाची लाडकी मुलगी आतून कशी कोळपत जाते, हे त्या संशोधनात वाचताना मला माझ्या कादंबरीतली एक पोर आठवली. मी ती कल्पनेने रंगवली होती. त्यांनी ती मोजली.

आणि शिक्षक? त्यांचे ऐकताना दोन्ही कान उघडे ठेवले पाहिजेत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ‘आमच्या पेशाला समाजात मान आहे’ असे म्हणणारे शिक्षक फिनलंडमध्ये शंभरांत अठ्ठावन्न होते. इतर प्रगत देशांची सरासरी होती सव्वीस. तिथे १९७९ पासून कायम वर्गशिक्षकाला विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी लागते. स्वतः संशोधन करून प्रबंध लिहिल्यावाचून तो शिक्षक होत नाही, आणि विद्यापीठाच्या सराव-शाळेत त्याचा हात बसवून घेतला जातो. म्हणजे ते गृहस्थ माझ्याविषयी बोलले ते खरेच होते. त्यांनी पुढचे अर्धे सांगितले नाही. एवढे शिकवून घेतल्यावर त्या राज्याने शिक्षकाच्या डोक्यावरचा तपासनीस काढून टाकला. १९९० च्या दशकाच्या आरंभी शाळातपासणी बंद झाली, पुस्तकांना सरकारी मंजुरी घेण्याची अट गेली. कोणते पुस्तक, कोणत्या चालीने, हे शिक्षक ठरवू लागला. आधी योग्यता, मग विश्वास, असा तो क्रम आहे. आपण योग्यतेचा आग्रह न धरता नेमतो आणि मग अविश्वासाने रकाने भरून घेतो. मॅट्रिक मास्तर कमी पैशांत मिळतो म्हणून मी वर्गात उभा आहे, हे मला ठाऊक आहे. आणि माझ्या मुलांना माझ्याहून चांगला शिक्षक मिळायला हवा होता, हेही ठाऊक आहे. फिनलंडच्या नियमाने माझी नोकरी जाईल. जाऊ दे. पण तो नियम आणायचा तर सगळा आणा, नुसता माझ्यापुरता नको.

तथापि त्या मानाच्या अठ्ठावन्नांमागे आणखीही आवाज आहेत. २०२२ च्या वसंतात तिथले शिक्षकही संपावर गेले. त्यांच्या संघटनेच्या पाहण्यांत अनेकांनी पेशा सोडण्याचा विचार मनात येतो असे सांगितले: वर्गात मदतनीस अपुरे, कागदपत्रे वाढलेली, आणि ज्यांना खास मदत हवी अशी मुले वर्गात आणून बसवली, पण मदत मागाहून आलीच नाही. मधल्या काळात भिंती पाडून मोठमोठी दालने बांधण्याची टूम निघाली. त्या गोंगाटात शिकवता येत नाही, अशी शिक्षकांची तक्रार झाली. मुलाने आपले आपण शिकावे, हाती संगणक असला की झाले, असेही वारे वाहिले. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आकडे तपासून दाखवले, की या पद्धतींचा अतिवापर जिथे झाला तिथे निकाल उतरला, आणि ज्या मुलांच्या घरी पाठबळ नव्हते ती सर्वांत जास्त मागे पडली. अखेर २०२५ च्या ऑगस्टपासून शाळेच्या तासाला मोबाइल वापरण्यावर कायद्याने बंधन आले.

आकडेही बोललेच. २००० साली वाचनात ५४६ गुण होते. २०२२ च्या फेरीत ४९० झाले. सरासरीच्या ते अजून वर आहेत, पण घसरण मोठी आहे. हे कळताच आमच्याकडे दुसरा पक्ष उठला. “बघा! फिनलंड पडले! छडी ती छडी!” या पक्षाला मी पहिल्या पक्षाइतकाच हात जोडतो. पहिल्याने पदक पाहिले आणि मूल पाहिले नाही. दुसऱ्याने पडलेले पदक पाहिले, आणि मूल त्यालाही दिसले नाही. घसरलेले गुण वर आणायला छडी उपयोगी पडते, असे त्या साऱ्या संशोधनात कुठेही लिहिलेले नाही.

मग त्या यशाचे मूळ कशात होते? एक मूळ फार जुने आहे. १६८६ च्या चर्चच्या कायद्यापासून तिथे वाचता येणे ही धर्माची अट झाली. धर्मपुस्तकापुरतेही वाचता आले नाही तर लग्नसुद्धा अडे. आलेक्सिस किवी याची ‘सात भाऊ’ ही फिनिश भाषेतली पहिली थोर कादंबरी १८७० साली निघाली. तीत अक्षरओळखीला कंटाळलेले ते दांडगे भाऊ खिडकीतून उडी टाकून पळतात, आणि पुढे कुणाच्या धाकाने नव्हे तर आपल्या मनाने वाचायला शिकतात. जो समाज आपल्या थोर कादंबरीत शाळेतून पळणाऱ्या पोरांना नायक करतो, त्याला मुलांच्या मनाचे काहीतरी कळले असले पाहिजे.

दुसरे मूळ ताटातले आहे. १९४३ साली, महायुद्धाच्या वणव्यात, त्या गरीब देशाने शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला फुकट गरम जेवण देण्याचा कायदा केला आणि १९४८ पासून तो पुरता अमलात आणला. मुले त्या काळी रानातली बोरासारखी फळे गोळा करून आणीत, शाळेच्या मळ्यात भाजी लावीत. सरकारी अधिकाऱ्याचे पोर आणि लाकूडतोड्याचे पोर एकाच पंगतीला बसले.

तिसरे मूळ सर्वांत खोल आहे. पूर्वी तिथेही अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची चाळणी होई. फी भरू शकणारी व गुण मिळवणारी एकीकडे, बाकीची दुसरीकडे. १९६८ च्या कायद्याने ही चाळणी फेकून द्यायचे ठरले. १९७२ मध्ये उत्तरेच्या लॅपलंडमधून आरंभ झाला आणि १९७७ पर्यंत सुधारणा दक्षिणेत पोचली. आधी दूरचा, गरीब मुलूख. राजधानी सर्वांत शेवटी. १९८५ मध्ये गणित आणि परभाषा यांतल्या हुशार-मठ्ठ अशा तुकड्याही गेल्या. आजही मूलभूत शिक्षणाला, काही परभाषी शाळांचा अपवाद सोडला तर, फी घेता येत नाही. आपल्याकडे मात्र फिनलंडच्या नावाने ज्या शाळा निघतात त्यांच्या जाहिराती गुळगुळीत कागदावर येतात. ज्या देशाने फीची शाळा मोडून नाव मिळवले, त्याच्या नावावर फी घ्यायची, याला व्यापार म्हणा, दुकान म्हणा. फिनलंड म्हणू नका.

हे सगळे आपण उद्या आणू शकत नाही. तीनशे वर्षांचे वाचन आगबोटीने येत नाही, आणि एकाच पंगतीला बसण्याची तयारी तर विमानानेही येत नाही. पण एक गोष्ट आणता येते, आणि तिला पैसाही लागत नाही. फिनलंडमध्ये दर दोन वर्षांनी शाळकरी मुलांची आरोग्यपाहणी होते. अलीकडच्या फेऱ्यांत दोन लाखांहून अधिक मुलांनी तीत उत्तरे दिली आहेत. झोप लागते का, छळ होतो का, शिक्षक तुझी विचारपूस करतात का, असे विचारतात. नाव विचारत नाहीत. उत्तर चांगले येत नाही. किशोरवयीन मुलींपैकी दर तीन-चार जणींत एकीने तीव्र चिंता बोलून दाखवली आहे. आणि ते उत्तर ते लोक छापतात. जगात पहिले असतानाही ‘आमची मुले शाळेत सुखी नाहीत’ असे ज्यांनी आपणहून लिहिले, त्यांच्या त्या लिहिण्यापुढे मी टोपी काढतो. पांढरी नाही, माझी आहे ती.

मी ते माझ्या वर्गात करून पाहिले. सहामाहीच्या आधी कागदाचे तुकडे वाटले, म्हटले, “नाव लिहू नका. या शाळेत तुम्हांला काय वाटते ते लिहा.” एकतीस चिठ्ठ्या आल्या. बहुतेकांनी ‘सर चांगले शिकवतात’ असे लिहिले. ती भीती आहे हे मला कळते. एकाने पंखा मागितला. एका चिठ्ठीत मात्र असे होते: “आम्ही दमून येतो हे तुम्हांला माहीत आहे असे तुम्ही रोज म्हणता, पण धडा तेवढाच घेता. प्रश्न विचारता आणि उत्तर तुम्हीच देता.” मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. त्या रात्री झोप लागली नाही, आणि झोप न लागण्याचे कारण राग नव्हता. वीस वर्षे मी शिकवतो आहे. या वीस वर्षांत माझी तपासणी अनेकांनी केली, पण एवढी नेमकी कुणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी एक प्रश्न विचारला आणि गप्प उभा राहिलो. पुष्कळ वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरचा, दिवसा गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा बोलला. उत्तर चुकीचे होते. पण ते त्याचे होते.

तेव्हा आता पुन्हा आपल्या माजघरात येऊ. फिनलंडातही ऑक्टोबरच्या मध्याला शाळांना आठवड्याची सुट्टी असते. पूर्वी तिला बटाट्याची सुट्टी म्हणत, कारण मुले शेतात बटाटे काढायला जात. आपली सुट्टी दिव्यांची आहे. या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी ती वही मिटा, पोराला शेजारी बसवा आणि विचारा, “तुला शाळेत कसं वाटतं रे?” घरात नाव लपवता येत नाही, म्हणून उत्तर काही आले तरी रागावणार नाही असे आधी कबूल करा, आणि ते पाळा. उत्तर ऐकताना फिनलंडचे नाव काढू नका. मध्ये बोलू नका. आणि ते उत्तर त्याच्या मास्तरांना किंवा बाईंना जाऊन सांगा. रागाने नव्हे, सांगायचे म्हणून सांगा. आम्हांलाही कुणी विचारलेले नसते.